शेजारच्या गावांसाठी शहराने पदरमोड करावी का? सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून

शहराची पाण्याची लाईन हद्दीच्या पलीकडे न्यायची का, बस पुढच्या गावापर्यंत सोडायची का, तिकडे आग लागली तर आपला बंब पाठवायचा का, आणि या सगळ्यात जो पैसा कमी पडेल तो आपल्या तिजोरीतून भरायचा का, हा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक बाजू म्हणते कर आम्ही भरायचा आणि सोय बाहेरच्यांची व्हायची हा कुठला न्याय. दुसरी म्हणते अहो ती माणसं रोज सकाळी आपल्याच शहरात कामाला येतात, आपल्याच बाजारात खर्च करतात, त्यांना परकं कसं म्हणता. दोघांचंही खरं असतं, त्यामुळे वाद काही मिटत नाही आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठराव होतो.

तुम्ही नगरसेवक असा, एखाद्या नागरिक मंचात असा, नाहीतर नुसते मत द्यायला जाणारे असा, "सबसिडी हवी की नको" एवढाच प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर मिळायचं नाही. पाण्याचा हिशोब आणि मैलापाण्याचा हिशोब अगदी उलटे निघू शकतात, आणि पैसे द्यायच्या पद्धतीही पाचसहा आहेत, प्रत्येकीत पैसा वेगळ्या खिशातून जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे मी कुठे झुकतोय ते वाचताना लक्षात राहील: शेजाऱ्याची अडचण जिथे उद्या आपल्याच दारात येणारे तिथे खुशाल पैसे घाला, पण बजेटमध्ये वेगळ्या ओळीत, आकडा लिहून घाला. दरात लपवून घालू नका.

आधी हिशोब कसला करायचा ते

अर्धी भांडणं "खर्च" म्हणजे कुठला खर्च इथेच होतात. समजा शुद्धीकरण केंद्र जेवढं पाणी देऊ शकतं त्याच्या निम्मंच वापरलं जातंय. मग शेजारच्या गावाला पाणी द्यायचा जास्तीचा खर्च म्हणजे वीज, केमिकल, थोडी देखभाल, बस. केंद्र बांधायचे पैसे आधीच गेलेत, कर्जाचा हप्ता पाणी विकलं तरी भरायचाय आणि नाही विकलं तरी भरायचाय. अशा वेळी शेजाऱ्याने सरासरी खर्चापेक्षा कमी दिले तरी शहराचा फायदाच, कारण हप्त्याचा थोडा भार तो उचलतोय. कागदावर मात्र हे "बाहेरच्यांना स्वस्तात पाणी" असं दिसतं आणि त्यावरून गदारोळ होतो. उलट केंद्र आधीच पूर्ण क्षमतेने चालू असेल तर शेजाऱ्याला दिलेलं प्रत्येक जास्तीचं लिटर नवीन केंद्राचा दिवस जवळ आणतं, आणि नवीन केंद्र जुन्यापेक्षा महागच असतं, त्यामुळे तिथे शेजारी सरासरी दराने पूर्ण पैसे भरत असला तरी खरी सबसिडी चालूच असते, फक्त ती कुणाला दिसत नाही.

अमेरिकेतलं मिलवॉकी पहिल्या प्रकारात मोडतं. तिथले मोठे कारखाने, बीअरचे कारखाने गेले, पाण्याची मागणी घटली आणि शुद्धीकरणाची क्षमता पडून राहिली. मग शहराने शेजाऱ्यांना पाणी विकायला काढलं. २००८ मध्ये न्यू बर्लिनशी करार झाला त्यात पाण्याच्या दराशिवाय १५ लाख डॉलर एकरकमी मिळाले. मग वॉकेशा, त्यांच्या विहिरींच्या पाण्यात रेडियम निघालेलं, त्यामुळे त्यांना दुसरीकडून पाणी आणणं भागच होतं. पण गंमत बघा, वॉकेशाने आधी ओक क्रीक नावाच्या दुसऱ्या शेजाऱ्याशी बोलणी केली होती आणि मग मिलवॉकीचं स्वस्त पडतंय म्हणून २०१७ मध्ये इकडे करार केला, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पाणी सुरू झालं. म्हणजे शेजारी अडलेला दिसत असला तरी त्याच्याकडे दुसरं दार असू शकतं, आणि आपण हवा तो भाव लावू हा भ्रम ठेवू नये.

दुसरा हिशोब झळेचा. सेवा नाही दिली तर त्रास फक्त त्यांना की आपल्यालाही? बाहेरच्या वस्तीत वाचनालय नसेल तर नुकसान त्यांचं. पण तिथलं मैलापाणी आपल्या नदीत उतरत असेल, आणि नदीवर आपलाच पंप असेल, तर त्यांची गटारं हा आपला प्रश्न आहे, मग हद्दीची रेघ कुठून का जाईना.

तिसरा हिशोब लोक विसरतातच: बाहेरचा माणूस आधीच काही देतोय का? हे शहराचं उत्पन्न कशावर चालतं त्यावर ठरतं. शहर फक्त मालमत्ता करावर चालत असेल तर रोज येऊन जाणारा माणूस थेट काहीच देत नाही, रस्ते मात्र वापरतो. विक्रीकराचा वाटा शहराला मिळत असेल तर तो प्रत्येक खरेदीत देतोय. फिलाडेल्फियात तर बाहेर राहून शहरात नोकरी करणाऱ्याच्या पगारावरही शहराचा कर आहे, तिथे "बाहेरचे फुकट वापरतात" हे म्हणणं टिकणारच नाही. न्यूयॉर्कमध्येही बाहेरून येणाऱ्यांवर असा कर होता, १९९९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो काढून टाकला, शहराची इच्छा नसताना. म्हणजे आज जे उत्पन्न आहे ते उद्या असेलच असंही नाही.

आता पर्याय.

सगळ्यांना एकच दर

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. आतला असो की बाहेरचा, दर एक. बिलिंग सोपं, वाद कमी, शेजारी खूश. पण लांबची लाईन म्हणजे जास्त पंपिंग, जास्त गळती, पाइपच्या प्रत्येक किलोमीटरमागे कमी घरं, हा सगळा जादा खर्च आतल्यांच्या बिलात विरघळून जातो आणि नेमका किती ते कुणीच काढत नाही. त्याहून वाईट म्हणजे बिल्डरला कळतं की हद्दीबाहेर कर कमी आणि पाणी मात्र शहराच्या भावात, मग स्कीम हद्दीला चिकटून पण बाहेरच उभ्या राहतात. शहर आपल्याच पैशाने आपलं गिऱ्हाईक बाहेर घालवतं.

आणि एकदा लावलेला स्वस्त दर काढता येत नाही. सिंगापूर आणि शेजारच्या मलेशियातलं जोहोर राज्य यांचं बघा, तिथे तर हद्द म्हणजे देशाची सीमा आहे. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चं पाणी घेऊ शकतं, हजार गॅलनला ३ सेन (सेन म्हणजे मलेशियाच्या रिंगिटचा शंभरावा भाग) भावाने, आणि त्यातलं थोडं शुद्ध करून जोहोरला परत विकतं हजार गॅलनला ५० सेनने. सिंगापूर म्हणतं आम्हाला शुद्ध करायलाच २ रिंगिट ४० सेन लागतात, म्हणजे आम्ही तुम्हाला सबसिडी देतोय. मलेशिया म्हणतो ३ सेनने कच्चं पाणी देऊन सबसिडी आम्ही तुम्हाला देतोय. दोघेही आपापल्या कागदावर बरोबर! २५ वर्षांनी म्हणजे १९८७ मध्ये दर तपासायची संधी होती, ती तेव्हा मलेशियाने घेतली नाही, आणि करार २०६१ पर्यंत चालणार आहे. दर बदलायचं सूत्र करारातच धडपणे नसेल तर दोन देशांनाही ते नंतर जमत नाही, मग दोन नगरपालिकांचं काय घेऊन बसलात.

हद्दीबाहेरच्यांना जादा दर

हे वरच्याच्या बरोबर उलटं. फ्लोरिडात हे कायद्यातच आहे, हद्दीबाहेरच्या ग्राहकाला शहर सरसकट २५ टक्क्यांपर्यंत जादा दर लावू शकतं, आणि वेगळा हिशोब मांडून दर ठरवला तरी आतल्या दरापेक्षा ५० टक्क्यांच्या वर जायचं नाही. बाजूने बोलायचं तर लांबचं अंतर, धोका, आतल्या करदात्यांनी इतकी वर्षं घातलेलं भांडवल, याचा मोबदला मागणं चूक नाही. एकच दर ठेवण्यापेक्षा हे नक्कीच प्रामाणिक.

पण यात एक खोट आहे. बाहेरच्या माणसाला शहराच्या निवडणुकीत मत नाही. ज्याला मत नाही त्याचा दर वाढवणं राजकारण्याला सगळ्यात सोपं, त्यामुळे जादा दर खर्चापुरता राहत नाही, हळूहळू शहराच्या बाकी तुटीचं ठिगळ बनतो. मग सबसिडीची दिशाच फिरते, गरीब वस्ती बाहेर असेल तर ती शहरातल्या सधन लोकांना पोसायला लागते. म्हणून २५ टक्के का, १० का नाही, याचं उत्तर कागदावर मागा. आकडा जर गोल असेल तर तो बहुतेक वेळा हिशोबातून आलेला नसतो, एवढं धरून चाला.

खर्चाइतके पैसे घेऊन करार

अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लेकवूड १९५४ मध्ये स्वतंत्र शहर झालं आणि स्वतःची खाती उभी करण्याऐवजी पोलिसांसकट बहुतेक सेवा काउंटीकडूनच विकत घ्यायचं ठरवलं. पुढे कितीतरी नव्या शहरांनी तेच केलं. ऐकायला एकदम स्वच्छ व्यवहार, सेवा घ्या पैसे द्या. पण लगेच वाद सुरू झाला: गस्तीच्या गाडीचा, शिपायाच्या पगाराचा खर्च ठीक आहे, पण मुख्यालय, हिशोब खातं, ट्रेनिंग, साहेबांचे पगार यांचा वाटा करारवाल्यांनी द्यायचा की नाही? स्वतःचे पोलीस असलेल्या शहरांचं म्हणणं की आम्ही आमच्या पोलिसांचे पैसे भरतो आणि वर काउंटीच्या करातून यांच्याही पोलिसांचा वरखर्च भरतो. १९७३ मध्ये राज्याने कायदा करून सांगितलं की काउंटीने आपला सर्वसाधारण वरखर्च, जो करार नसता तरी झालाच असता, तो या शहरांवर लादू नये. बरोबर की चूक यावर अजूनही मतं आहेत, मला स्वतःला वाटतं की थोडा वाटा घ्यायला हवा होता, कारण "तरी झालाच असता" हे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणू शकतं आणि सगळ्यांनी म्हटलं तर मुख्यालयाचे पैसे कोण देणार.

तरीही एक दर किंवा जादा दर या दोन्हींपेक्षा करार चांगला वाटतो मला, कारण निदान भांडण योग्य गोष्टीवर होतं. वरखर्चात काय काय धरायचं, घसारा किती, गळती कुणाच्या खात्यावर, हे दोन्हीकडचे इंजिनीअर आणि अकाउंटंट समोरासमोर बसून ठरवतात. तोटा एवढाच की गरीब गावाला पूर्ण खर्च परवडत नाही आणि मग ते सेवाच घेत नाही. क्लीव्हलँडने इथे जरा वेगळं डोकं लावलं. पाणी शहराचं, पण उपनगरांतल्या पाइपची मालकी उपनगरांची होती आणि पाइप जुने झालेले. शहर म्हणालं पाइप आमच्या नावावर करा, दुरुस्ती आम्ही करतो, बदल्यात तुम्ही आमचे उद्योग पळवायचे नाहीत आणि कुणी तिकडे गेलाच तर कराचा वाटा द्यायचा. रोख पैसे कमी पण शहराला जे खरंच हवं होतं ते मिळालं. शेजाऱ्याकडे पैसे नसतील तर त्याच्याकडे दुसरं काय आहे ते बघा: जमीन, कचरा डेपोची जागा, धरणाचा रस्ता, काहीतरी असतंच.

संयुक्त संस्था किंवा सामायिक कर

मोठ्या माणसांचा पर्याय, म्हणजे वेळखाऊ. सगळ्यांनी मिळून एक संस्था काढायची, सगळ्यांचे प्रतिनिधी, सगळ्यांचा पैसा. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये आसपासच्या बस, ट्राम, रेल्वे एका तिकिटाखाली आणण्यासाठी संस्था काढली, अशा प्रकारची जगातली पहिली व्यवस्था मानतात तिला. प्रवासी एकच तिकीट काढतो, वाहतूक कंपन्या मागे बसून वाटणी करतात. बसच्या बाबतीत याला तोड नाही, कारण बस हद्दीवर थांबवली की ती निम्म्या लोकांच्या कामाची राहत नाही.

डेन्व्हरला प्राणीसंग्रहालय, म्युझियम, बोटॅनिकल गार्डन सगळं शहरात आणि बघायला येणारे अख्ख्या परिसरातून. १९८८ मध्ये आसपासच्या काउंट्यांतल्या मतदारांनी मिळून १० डॉलरच्या खरेदीमागे १ सेंट असा कर स्वतःवर लावून घेतला. पिट्सबर्गभोवतीच्या काउंटीतही १९९४ पासून १ टक्का जादा विक्रीकर आहे, त्यातला निम्मा परिसराच्या बागा, वाचनालयं, स्टेडियम यांना आणि उरलेला काउंटी आणि गावांना. या दोन्हीत शहराचा भार हलका झाला आणि तरी कुणाची सेवा बंद झाली नाही, मला वाटतं या विषयात याहून चांगली उदाहरणं कमीच सापडतील.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल यांच्या परिसरात तर आणखी पुढे गेलेत. १९७१ च्या कायद्याने सात काउंट्यांतल्या प्रत्येक गावाच्या व्यापारी-औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्या वर्षापासून जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग एका सामायिक खात्यात जातो आणि लोकसंख्या व गावाची ऐपत बघून वाटला जातो. कोर्टबाजी झाली, पण टिकला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मिनियापोलिस स्वतः काही वर्षं देणारं होतं आणि काही वर्षं घेणारं. आज आपण देणारे आहोत म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, शहरांचे दिवस फिरतात.

पण संयुक्त म्हटलं की सगळं गोड असं नाही. जो भरतो पण वापरत नाही तो उठतोच. १९८१ मध्ये लंडनच्या महानगर कौन्सिलने भाडी सुमारे ३२ टक्क्यांनी उतरवली आणि तूट सगळ्या बरोंवर, म्हणजे लंडनच्या स्थानिक प्रभागांवर, टाकली. त्यातल्या ब्रॉम्ली बरोने कोर्ट गाठलं, आमच्याकडे मेट्रो येतच नाही आणि पैसे आम्ही का भरायचे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ती योजना बेकायदा ठरवली. निकालामागचा कायदा वेगळा होता ते सोडा, मुद्दा हा की सामायिक कर लावण्याआधी प्रत्येक कोपऱ्याला त्यातून दिसेल असं काहीतरी मिळतंय ना ते बघा.

आणि मग डेट्रॉइट. शहराचं पाणी खातं मिशिगन राज्यातल्या जवळपास ४० टक्के लोकांना पाणी पुरवायचं. उपनगरं म्हणायची आम्हाला लुटताय, शहर म्हणायचं सगळं बांधलं आम्ही. वर्षानुवर्षं हेच. २०१३ मध्ये शहर दिवाळखोरीत गेलं तेव्हा कुठे तोडगा निघाला: २०१४ मध्ये ठरलं आणि २०१६ च्या १ जानेवारीपासून वेगळं प्राधिकरण सुरू झालं, मुख्य यंत्रणा ४० वर्षांच्या भाड्याने त्याच्याकडे, शहराला वर्षाला ५ कोटी डॉलर. सहा जणांच्या बोर्डात शहराचे दोन, तीन काउंट्यांचा एकेक आणि गव्हर्नरचा एक. पाणी तेच, पाइप तेच, बदललं काय तर दर ठरवणाऱ्या टेबलावर भरणाऱ्यांना खुर्ची मिळाली. हे दिवाळखोरीच्या आधी करता आलं असतं असं आता सगळेच म्हणतात!

हद्दीतच घेऊन टाका

कोलंबस शहराने १९५० च्या दशकापासून सरळ नियम केला, पाणी आणि ड्रेनेज हवं असेल तर आमच्या हद्दीत या. शहर पसरत गेलं, करही पसरला, त्यामुळे बाकी ओहायोतली जुनी शहरं आक्रसत असताना कोलंबस वाढत राहिलं. सबसिडीचा प्रश्न बराच कमी झाला कारण नव्याने सेवा मागणारे बहुतेक हद्दीतच आले. पण हे मोकळी जमीन आणि अडलेला शेजारी असला तरच जमतं. शेजारी आधीच भरलेलं, स्वतःची ओळख असलेलं गाव असेल तर जबरदस्ती अंगाशी येते. कॅनडातल्या माँट्रियल बेटावरची गावं २००२ मध्ये एकत्र केली, लोक इतके चिडले की मतदान होऊन २००६ मध्ये १५ गावं परत वेगळी झाली. तेव्हाही पाणी, पोलीस, बस यांसारख्या सेवा एकत्रच ठेवाव्या लागल्या आणि त्यासाठी वेगळी परिषद नेमावी लागली, म्हणजे फिरून सामायिक व्यवस्थेवरच आले. हद्दवाढ करा किंवा नका करू, पण ती सबसिडीच्या वादावरचं औषध म्हणून करू नका.

नाही म्हणणं

हाही पर्याय आहे आणि कधीकधी बरोबर असतो, पण दोन प्रसंग माहीत असावेत. टेनेसीतलं साउथ फुल्टन शहर हद्दीबाहेरच्यांना वर्षाला ७५ डॉलर भरले तर अग्निशमन सेवा द्यायचं. २०१० मध्ये पैसे न भरलेल्या एका कुटुंबाचं घर पेटलं, बंब आला पण तो शेजारच्याने पैसे भरलेले म्हणून त्याचं शेत वाचवायला, आणि घर डोळ्यांसमोर जळू दिलं. पुढच्या वर्षी परत एक घर तसंच गेलं. नियमाने बघितलं तर शहराचं चुकलं नाही, फुकट विझवलं तर पुढच्या वर्षी ७५ डॉलर कोण भरणार. पण जगभर नाव झालं ते शहराचंच, आणि नियम नंतर बदलावाच लागला. आगीला वर्गणी हा प्रकारच चालत नाही, माणूस वर्गणी भरायला विसरतो, आग विसरत नाही.

दुसरा प्रसंग शेजाऱ्याने स्वतःच संबंध तोडल्याचा. मिशिगनमधलंच फ्लिंट शहर डेट्रॉइटकडून पाणी घ्यायचं, महाग पडतं म्हणून २०१४ च्या एप्रिलमध्ये सोडलं आणि नदीचं पाणी घ्यायला लागले. पाण्यावर गंज रोखायची प्रक्रियाच केली नाही, जुन्या पाइपमधलं शिसं पाण्यात उतरलं, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये परत डेट्रॉइटच्या पाण्यावर आले पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. दोष दर ठरवणाऱ्यांचा नव्हता, फ्लिंटचा कारभार तेव्हा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होता. तरी सांगायचं एवढंच की दर ताणायचा ठरवलात तर शेजारी काय करेल आणि त्याला ते नीट जमेल का, हा विचार ताणण्याआधी करा.

मग कुठल्या सेवेला काय

मैलापाण्याला मी डोळे झाकून पैसे देईन, विशेषतः शेजारी वरच्या अंगाला असेल तर. त्यांचं पाणी आपल्या शुद्धीकरण केंद्रात स्वस्तात घेणं हे नदीतून परत आलेलं तेच पाणी साफ करण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच परवडतं. साथीचे रोग, डास, कुत्र्यांची नसबंदी हेही याच गटात, हद्द त्यांना कळत नाही.

पिण्याच्या पाण्याला उलट: पूर्ण खर्च घ्या, क्षमता शिल्लक असेल तर थोडं कमी चालेल, पण करारात. पाणी मोजता येतं, मीटर बसवता येतो, त्यामुळे लपवाछपवीला कारणच नाही. शेजारच्या गावात खरंच गरिबी असेल तर सगळ्या गावाचा दर उतरवण्यापेक्षा गरीब घरांच्या बिलाला मदत करा, नाहीतर तिथल्या बंगल्याच्या बागेलाही तुमची सबसिडी जाते. डेट्रॉइटच्या नव्या प्राधिकरणाने अशी मदत सुरुवातीपासूनच वेगळ्या निधीतून ठेवलीय, दराला हात न लावता.

बसला शहराने पैसे घालावेत, पण शेजाऱ्याचाही वाटा हवा, आणि वाटा किलोमीटरवर नको तर त्या भागातून चढणाऱ्या प्रवाशांवर ठरवा, नाहीतर गाव म्हणेल अर्धी बस रिकामी फिरवता आणि बिल आम्हाला. एक गोष्ट मात्र खरी की बाहेरून बसने येणारा प्रवासी म्हणजे बऱ्याचदा आपल्या रस्त्यावरची एक गाडी कमी, तो फायदा आपला आहे आणि तो हिशोबात धरलाच पाहिजे.

अग्निशमन परस्पर ठेवा, तुम्ही आमच्याकडे या आम्ही तुमच्याकडे येतो. दोन्हीकडे बंब असतील तर पैशाचा प्रश्नच फार उरत नाही. एकाकडे नसेल तर माणशी वर्गणी न घेता गावाकडून ठोक रक्कम घ्या आणि कॉल आला की जा.

वाचनालय, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह यांना बाहेरच्यांसाठी वेगळी फी लावली तर बिघडत नाही, फक्त पोरांना त्यातून सोडा, शाळेतलं मूल हद्द बघून पुस्तक वाचत नाही.

द्यायचंच ठरलं तर

आकडा लिहा. "सवलतीच्या दरात" असं ठरावात नको, वर्षाला इतके लाख, अमुक खात्यातून, असं हवं. मुदत लिहा, पाच वर्षं म्हणा, आणि मुदत संपली की आपोआप वाढणार नाही, परत सभागृहात यावं लागेल असं लिहा. दरवाढीचं सूत्र पहिल्याच दिवशी ठरवा, कच्च्या मालाच्या नाहीतर विजेच्या भावाशी जोडा, सिंगापूर-जोहोरसारखं साठ वर्षं अडकायचं नसेल तर. शेजाऱ्याने हद्दीलगत बांधकामाला परवानगी देताना तुम्हाला विचारावं की नाही हेही त्याच कागदात येऊ द्या, कारण खर्च वाढतो तो तिथून.

आणि थकबाकीचं. हायलँड पार्क हे छोटं शहर जवळपास सगळीकडून डेट्रॉइटने वेढलेलं, स्वतःचं पाणी केंद्र २०१२ मध्ये बंद पडल्यावर डेट्रॉइटच्याच यंत्रणेवर आलं. बिलं थकत गेली, वाद कोर्टात गेला, आणि मधल्या काळात थकलेले कोट्यवधी डॉलर बाकीच्या गावांच्या दरात जाऊन बसले. सबसिडी द्यायचा ठराव कुणीच केला नव्हता आणि तरी ती दिली गेली. पाण्याचं कनेक्शन तोडणं माणुसकीला धरून नाही, आणि न तोडणं म्हणजे बाकीच्यांनी भरणं, त्यामुळे शेजारी गावाने बिल थकवलं तर किती महिन्यांनी काय, त्याच्या सरकारी अनुदानातून कापून घ्यायचं की राज्याने हमी द्यायची, हे करारावर सही करायच्या आधी ठरवून घ्या.